सुजेची गोळी

डॉक्टर योगिनींनी तळहातावर धरलेली गोळी अनंतनं पाहताक्षणी ओळखली, आणि "नाही, ही कधी घेतलेली नाही," असं सांगून टाकलं. खोटं बोलायचं ठरवून तो बोलला नाही. दारावरची बेल वाजली की आपण आतूनच 'आलो' म्हणतो, तसे शब्द आपले आपण बाहेर पडले. शेजारी स्टुलावर बसलेल्या अरुंधतीनं तर पुढं होऊन साक्षच दिली, की आमच्याकडं डोकं दुखलं तरी गोळी घ्यायच्या आधी दहादा विचार होतो, यांना तर औषधांचा तिटकाराच आहे. त्याची बायको संत तुकाराम नगरातल्या शाळेत गणित शिकवते. ती बोलली की समोरच्याला उत्तर बरोबरच आलं असं वाटतं. डॉक्टरांना मात्र तसं वाटलं नसावं. पस्तिशीच्या या बाई कधी आवाज चढवत नाहीत आणि कुणाच्या उत्तराची घाईही करत नाहीत. त्यांनी गोळी मुठीत घेतली आणि म्हणाल्या, आठवून बघा, नाव लक्षात नसेल तरी चालेल. ही घेतली की काहींना तोंडाला लोखंडासारखी चव येते. एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडं गेल्या. आणि आठ दिवस नुसत्या पेजेवर असलेल्या अनंतच्या जिभेवर ती चव बोलावल्यासारखी हजर झाली.

सकाळी आलेला रिपोर्ट उशीखाली होता. हातात पडला तेव्हा त्यानं तो आधी उलटा करून मागची बाजू पाहिली होती. एकवीस वर्षं पत्र्याच्या कंपनीत तपासणीचं काम केलेल्या माणसाचा कागदावर पहिल्या वाचनात विश्वास बसत नाही. सही कुणाची, तारीख कुठली, नमुना कुठून घेतला, हे आधी. नमुना त्याच्याच पाठीतला होता. मणक्याजवळ साठलेला पू ऑपरेशन करून काढला होता, त्यातला. डाव्या बाजूला औषधांची नावं, उजवीकडं प्रत्येकापुढं एक अक्षर, आणि बहुतेक ठिकाणी तेच अक्षर, म्हणजे हे औषध चालत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. जंतू तसा घरचाच, कुणाच्याही कातडीवर, कुणाच्याही नाकात राहतो, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, जखमेतून रक्तात शिरला तर मात्र मणक्यातही जाऊन बसतो. पण हा औषधं पचवून निर्ढावलेला आहे. पाच दिवस जे सलाईन चालू आहे त्याला तो दबतोय, पण तुमच्या किडन्यांना ते सोसत नाही, क्रिएटिनिन रोज चढतंय. म्हणून ते बंद करून तुम्हाला या गोळीवर घरी सोडायचं असं माझ्या मनात होतं, आणि नेमका या गोळीलाच तो दाद देत नाही. हे सहसा दिसत नाही. आता एक इंजेक्शन उरलंय. त्यानं धरलं तर पू पुन्हा साठणार नाही. नाही धरलं तर मणक्यातल्या मज्जातंतूंवर दाब येईल, आणि मग पाय राहतील याची खात्री मी देणार नाही. त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की अनंतला त्यांचा राग आला नाही. चादरीखाली पाय होते. डाव्या पायाची बोटं हलत होती, उजव्या पायाची हलवायला सांगितलं की थोडा वेळ घेऊन हलत होती, सरकारी कचेरीत कागद हलतो तशी.

लोखंडाच्या त्या चवीला एक खोलीही होती. चाकणच्या कंपनीत, प्रेस शॉपच्या मागं, पाण्याच्या टाकीला लागून असलेली फर्स्ट एडची खोली. आत एक पलंग, एक पांढरं कपाट, भिंतीवर कुठल्याशा पतपेढीचं कॅलेंडर, आणि शेखर. पत्रा कापला की त्याच्या कडेला बारीक दात राहतो, शॉपमध्ये त्याला बर म्हणतात, आणि हा बर हातमोज्याला जुमानत नाही. दिवसाकाठी एकाचं तरी बोट, तळहात, मनगट फाटायचं. आणि गेटवर, सिक्युरिटीच्या केबिनशेजारी, हिरवा बोर्ड होता: 'अपघाताशिवाय दिवस', खाली आकडा. ज्या मोठ्या गाडीच्या कंपनीला माल जायचा तिचे लोक ऑडिटला आले की आधी त्या बोर्डापाशी थांबायचे. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी शिफ्टला आला नाही की आकडा शून्यावर. आला, तर अपघात झालाच नाही. नियम इतका सोपा होता, की तो पाळण्याची सोपी रीत कुणीतरी काढणारच होतं. टाके घालायला बाहेर पाठवायचं नाही, रजिस्टरला नाव चढवायचं नाही, शेखरकडं धाडायचं. तो जखम धुवायचा, पट्टीनं कातडी ओढून चिकटवायचा, जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पुडीत तीन गोळ्या द्यायचा आणि म्हणायचा, सुजेची आहे, सकाळ-संध्याकाळ घे, संपली की विसर. माणूस चहा पिऊन मशीनवर परत. हजार दिवस झाले तेव्हा सगळ्यांना बर्फी आणि एकेक जाकीट मिळालं, आणि गेटवर चार शब्द बोलायला लाइनचा सुपरवायझर म्हणून अनंतलाच उभं केलं. तो म्हणाला होता, हे यश शेखरभाऊंचं आहे. टाळ्या पडल्या होत्या.

स्वतः घेतलेल्या गोळ्यांचा हिशोब काही अनंतनं ठेवला नव्हता, पण बोटांवरचे व्रण होते, आणि सुपरवायझर झाला तरी हातानं कड चाचपून पाहायची खोड गेली नव्हती. वर्षातून तीन-चार वेळा तरी पुडी मिळायची. शेवटची दीड महिन्यापूर्वी, डाव्या हाताच्या तर्जनीसाठी. आठवड्यात बोट भरलं. त्या भरलेल्या बोटाचं त्याला कौतुक वाटलं होतं. घरी त्यानं ते अरुंधतीला दाखवलंही नाही, कारण ती शंभर प्रश्न विचारते. मग पाठ दुखायला लागली. पाठ कुणाची दुखत नाही? रोज मोशीवरून चाकणला मोटारसायकलनं जाणाऱ्याची पाठ दुखली नाही तरच नवल. तळेगाव चौकातल्या खड्ड्यांना शिव्या घातल्या, पट्टा बांधला, बाम चोळला, बाटली रिकामी होईल इतका चोळला. संध्याकाळी कसकस यायची, तिला तो हवाबदल म्हणायचा. आणि एका सकाळी आंघोळीला उठला तर पाय जमिनीला लागल्याचं पायांनी त्याला कळवलंच नाही. फरशी गार आहे की नाही, हे त्याला खाली पाहून ठरवावं लागलं. त्या क्षणी त्याला जी भीती वाटली ती त्यानं अजून कुणाला सांगितलेली नाही.

शेखर म्हणजे कोण, हे कुणाला सांगायची वेळ आली असती तर त्यानं कॉटपासून सुरुवात केली असती. पंचवीस वर्षांपूर्वी दोघंही भोसरीला एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचे. खोलीत चार कॉटा आणि माणसं आठ. अनंत दिवसपाळीला, शेखर एका नर्सिंग होममध्ये रात्रीच्या ड्युटीला, म्हणून कॉट एकच आणि गादी एकच. सकाळी हा उठायचा तेव्हा तो यायचा. आठवडाच्या आठवडा दोघांचं बोलणं व्हायचं नाही, पण संध्याकाळी दमून गादीवर पडलं की तिच्यात दुसऱ्याच्या अंगाची ऊब शिल्लक असायची. पहिले काही दिवस अनंतला त्या उबेची किळस यायची, मग सवय झाली, आणि मग शेखर गावी गेला की गादी गार लागून झोप येईनाशी झाली. उशीखाली चिठ्ठ्या असायच्या: साबण आण, घरून पत्र आलंय, खानावळीत आज वांगं होतं, बरं झालं तू नव्हतास. एका पावसाळ्यात अनंतला टायफॉइड झाला तेव्हा शेखरनं कॉट सोडून दिली आणि सतरा दिवस जमिनीवर सतरंजी टाकून झोपला. मुगाचं कढण आणायचा, कपाळावर पट्ट्या ठेवायचा. ताप पाचव्या दिवशी उतरला. अनंतनं गोळ्या बंद केल्या, तर शेखरनं त्याच्या तोंडापुढं पाण्याचा ग्लास धरून आईमाईवरून शिव्या दिल्या होत्या. "अर्धवट औषध घेतलं की रोग शहाणा होतो, अंत्या. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. एक गोळी चुकली तर बघ." रोज मोजून, समोर उभं राहून, जीभ वर करायला लावून त्यानं त्या गोळ्या गिळायला लावल्या होत्या. हे अनंतला हॉस्पिटलच्या या पलंगावर, दुपारच्या जेवणाच्या ट्रॉलीचा खडखडाट ऐकताना आठवलं, आणि आठवलं नसतं तर फार बरं झालं असतं असं त्याला वाटलं. कारण तोवर तो मनात शेखरची वकिली करत होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, तो काही डॉक्टर नाही, दिलं असेल कुणी मेडिकलवाल्यानं भारी औषध म्हणून आणि यानं वाटलं असेल. पण तेविसाव्या वर्षी ज्याला चौदा दिवस ठाऊक होते, त्याला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तीन गोळ्या म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं?

नवीन इंजेक्शन सुरू होऊन दोन दिवस झाले. रक्ताचा नवा नमुना गेला होता. त्यात जंतू वाढतो का हे कळायला दोन दिवस लागतात, असं सिस्टरनं सांगितलं होतं. अनंत दर तासाला उजव्या पायाचा अंगठा हलवून बघायचा. कधी वाटायचं सुधारलंय, कधी वाटायचं आपणच आपली समजूत घालतोय. ताप उतरला की मन धावायचं, आणि घाण्याच्या बैलासारखं धावून धावून त्याच जागी यायचं. कंपनीत त्याला पत्र्याच्या प्रत्येक गुंडाळीबरोबर कारखान्याचं सर्टिफिकेट लागायचं. कागद नसला तर ट्रक गेटबाहेर उभा, मग कुणाचाही फोन येवो. आणि तोंडात घालायची गोळी त्यानं दहा-अकरा वर्षं पुडीतून घेतली, वर नाव नाही, मागं तारीख नाही. का? तर देणारा शेखर होता. शेखरला या कंपनीत चिकटवलं होतंही त्यानंच. नर्सिंग होम बंद पडल्यावर साहेबांच्या हातापाया पडून, माणूस हाताचा हलका आहे, विश्वासाचा आहे, असं सांगून. आपण ज्याची हमी दिली त्याला आपणच काय विचारायचं, अशी काहीतरी लाज त्यात होती. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जिच्याकडं तो फार वेळ बघू शकत नव्हता. पुडी घेऊन गेलेला माणूस उद्या कामावर येणार, हे त्याला हवं होतं.

त्या माणसांत किसन होता. परभणीकडचा, चाळिशीचा, तीन नंबरच्या प्रेसवरचा ऑपरेटर. बोलायला कमी, कामाला वाघ. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा पोटरीवरचा मांसल भाग घसरलेल्या पत्र्यानं चिरला होता. त्यानं विचारलं होतं, साहेब, दवाखान्यात जाऊन येऊ का, जरा खोल वाटतंय. पुढच्या सोमवारी ऑडिट होतं. अनंत म्हणाला होता, कशाला, शेखर आहे की. किसन लंगडत मागच्या खोलीकडं गेला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. अनंतनं त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

शेखर तिसऱ्या दिवशी दुपारी आला. दोन शहाळी, पिशवीत चिकू, कपडे इस्त्रीचे. अरुंधती घरी डबा आणायला गेली होती, तेव्हा नेमका. त्यानं नेहमीसारखा पलंगाच्या कडेला बसून अनंतचा पाय दाबायला घेतला आणि शॉपमधल्या गमती सांगायला लागला. अनंतनं थोडा वेळ त्याला बोलू दिलं. हा हात त्याच्या ओळखीचा होता. या हातानं त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. तो हात आपल्या पायाला आत्ता कमी कळतोय, हे शेखरला माहीत नव्हतं. मग अनंतनं त्याला रिपोर्टची गोष्ट सांगितली, गोळीचं नाव सांगितलं, आणि विचारलं, हीच का ती? शेखरचा हात थांबला. त्यानं दाराकडं पाहिलं, मग चिकूच्या पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. हीच, म्हणाला. साध्या गोळ्यांनी पू थांबेनासा झाला होता, चऱ्होलीचा एक मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय द्यायचा. पाकिटात दहा. दहाच्या दहा एकाला दिल्या तर बाकीच्यांना काय देऊ? आणि महिन्याला किती पाकिटं लागली हे साहेबांना दिसलं असतं, तर साहेबांनी विचारलं असतं की एवढ्या जखमा कुठून आल्या. हे सगळं त्यानं अशा सुरात सांगितलं, की जणू ते दोघं मिळून एखाद्या तिसऱ्या माणसाची अडचण समजून घेतायत. वर हेही म्हणाला, की राव, तू तरी कधी विचारलंस?

हे खरं होतं, आणि म्हणून अनंतला आणखी राग आला. खिडकीतून समोरच्या बांधकामावरच्या क्रेनचा दांडा हळूहळू फिरताना दिसत होता. त्याला मागच्या वर्षीची एक गोष्ट आठवली, अगदी किरकोळ: शेखर चार दिवस रजेवर होता, आणि परत आल्यावर सांगत होता की पोरीच्या मानेवर गळू झालंय, धावपळ चाललीये.

"प्राजक्ताला गळू झालं होतं," अनंत म्हणाला. "तिला हीच दिलीस?"

बाहेर कुणीतरी व्हीलचेअर ढकलत गेलं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"सांग ना. तीन गोळ्या दिल्यास? कॅलेंडरच्या कागदात बांधून?"

"तिला डॉक्टरकडं नेलं होतं," शेखर खाली बघून म्हणाला. "त्यांनी पू तपासायला पाठवला. मग दिलं औषध, सात दिवसांचं."

"पुरे केलेस सात?"

"केले."

अनंतला वाटलं होतं की उत्तर ऐकून आपण ओरडू, हाताला लागेल ते फेकू. तसं काही झालं नाही. आतून सगळं उतरत गेल्यासारखं झालं, टाकीचा नळ खालून उघडा राहिला की होतं तसं, आणि त्याला रडू आलं. शेखरनं फसवलं होतं ते चुकून नव्हे, आळसानं नव्हे. त्याच्या डोक्यात दोन कपाटं होती, एक पोरीसाठी आणि एक इतरांसाठी, आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्याच गादीवर झोपलेला अनंत दुसऱ्या कपाटात होता. कधीपासून होता, हे त्याला विचारायचं होतं. कुठल्या दिवशी मी तिकडं गेलो? पण असा प्रश्न विचारायचा म्हणजे उत्तर ऐकायची तयारी लागते. शेखरचेही डोळे भरले होते, आणि ते पाणी खरं होतं, यातच सगळी पंचाईत होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, की प्राजक्ता राजगुरुनगरला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडं कागद नाही, डिग्री नाही, हे बाहेर आलं तर मी आत जाईन आणि तिचं नाव खराब होईल. डॉक्टरांना माझं नाव सांगू नकोस. एवढं कर.

अनंतच्या लक्षात आलं की आपल्याला शेखरला शिक्षा व्हायला नकोय, अजूनसुद्धा; आपल्याला फक्त एक गोष्ट हवीय. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तोच जंतू आजूबाजूच्यांतही असू शकतो. त्यानं विचारलं, किसनची पोटरी कशी आहे? शेखर म्हणाला, दोन दिवस कामावर नाही, थोडा ताप आहे म्हणे. 'म्हणे' ऐकून अनंतच्या पाठीतून कळ गेली.

"मी तुझं नाव घेत नाही," तो म्हणाला. "पण किसनला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात ने. इथं आण, नाहीतर वायसीएमला ने, कुठंही. त्यांना सांग की ही गोळी आधी दिलीय. बोर्ड गेला खड्ड्यात. शब्द दे."

शेखरनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "इथून सरळ तिकडंच जातो, अंत्या. प्राजक्ताची शपथ." आणि तो गेला. जाताना शहाळी फोडायला सिस्टरला सांगून गेला.

अनंतला हलकं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. मैत्री गेली होती, पण काहीतरी वाचवल्यासारखं वाटत होतं, घर जळताना माणूस तांब्याची घागर तरी उचलतो तसं. अरुंधती डबा घेऊन आली, तिनं शहाळ्याचं पाणी प्यायला लावलं, कोण आलं होतं विचारलं. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, भला माणूस आहे. त्यानं शहाळं बाजूला ठेवलं. तिला सगळं सांगावं असं वाटलं, आणि मग वाटलं की तिला सांगितलं की ते गणित होईल, ती कोणाचं किती चुकलं ते पायरी पायरीनं मांडेल, आणि त्यात आपलेही मार्क जातील. तो डोळे मिटून पडून राहिला. पाच वाजले. किसन एव्हाना दवाखान्यात पोचला असेल, केसपेपर निघाला असेल. साडेपाच वाजले. म्हाळुंग्यावरून यायचं म्हणजे रिक्षाला वेळ लागणारच, शिफ्ट सुटायची वेळ. शेखरला फोन केला तर उचलला नाही. मोटारसायकलवर असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि पंधरा मिनिटांनी तेच पुन्हा सांगितलं. सहा वाजता त्यानं किसनचाच नंबर लावला.

फोन किसनच्या बायकोनं, दीपमालानं घेतला. अनंत तिला एकदाच भेटला होता, पोराच्या बारशाला. तिनं त्याच्या ताटात चौथी पुरणपोळी वाढली होती. त्यानं विचारलं, वहिनी, कुठल्या दवाखान्यात आहात? ती म्हणाली, घरीच आहोत की साहेब. ह्यांना कालपासून लई ताप आहे, कंबर धरून बसलेत, उठता येईना. बोलायला देऊ का म्हणाली, पण आत्ताच डोळा लागलाय. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"आत्ताच आलते शेखरभाऊ. गोळ्या देऊन गेले. ह्या बारीला पाच दिल्यात. म्हनले, अनंतसाहेबांनी हॉस्पिटलातून धाडल्यात, त्यांच्या डॉक्टरला विचारून. साहेब, तुमी सवता एवढे आजारी, तरी आमची याद ठिवली. देव तुमाला उभं करील बघा."

अनंतनं फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू पहिल्या कानानं चुकीचं ऐकलं होतं. मी धाडल्या नाहीत, हे त्याला म्हणायचं होतं, पण या बाईला आत्ता त्याचा काय उपयोग होता? त्याचं नाव त्या खोलीत पोचलं होतं, पाण्याच्या ग्लासाबरोबर किसनच्या तोंडापर्यंत गेलं होतं. शेखरनं शपथ मोडली असती, गेलाच नसता, तर ते त्यानं कदाचित गिळून टाकलं असतं. शेखर गेला होता. शब्द दिल्याप्रमाणं सरळ तिकडंच गेला होता, आणि स्वतःच्या नावावर आता विश्वास बसणार नाही हे ओळखून अनंतचं नाव घेऊन गेला होता.

"वहिनी, त्या गोळ्या देऊ नका."

"एक दिली की साहेब. तुमी म्हनला म्हनून लगेच दिली."

"बाकीच्या तशाच ठेवा, सोबत घ्या. किसनला खाली आणायला शेजारच्यांना बोलवा. मी गाडी पाठवतो. पाय हलतात ना त्याचे? विचारा, फरशी गार लागते का."

ती घाबरली. काय झालंय, म्हणून विचारू लागली. त्यानं फक्त एवढंच सांगितलं, की माझं चुकलंय, आणि तुम्ही माझ्यावर रागवा पण आत्ता निघा. फोन ठेवून त्यानं बेल दाबली, आणि सिस्टर आली तरी दाबतच राहिला. अरुंधती उठून उभी राहिली होती आणि काय झालं विचारत होती. डॉक्टर योगिनी राउंडवरच होत्या, त्या हातात कागद घेऊन आल्या. त्यांना वाटलं पेशंटला रिपोर्टची धास्ती लागलीये, म्हणून लांबूनच हसत म्हणाल्या, अनंतराव, मीच येत होते. नव्या नमुन्यात दोन दिवसांत काही वाढलेलं नाही. इंजेक्शननं धरलंय. पाय तुमचे आहेत.

तीन दिवस ज्या वाक्याची त्यानं अंगठा हलवून हलवून वाट पाहिली होती ते वाक्य आलं, आणि त्याला ते नीट ऐकूही आलं नाही.

"माझं राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. "लिहून घ्या."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. अनंतनं आधी किसनचा पत्ता सांगितला, म्हाळुंगे, पिठाच्या गिरणीच्या मागची चाळ, वरचा मजला, तिसरी खोली. मग गोळीचं नाव, दहा-अकरा वर्षं, तीन-तीन, आणि ज्या ज्या माणसांना त्यानं स्वतः त्या खोलीकडं धाडलं होतं त्यांची आठवतील तेवढी नावं. अरुंधती ऐकत उभी होती. मग डॉक्टरांनी विचारायच्या आत त्यानं शेखरचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, आणि त्यांनी ते बरोबर लिहिलंय ना हे कागद स्वतःकडं वळवून पाहिलं.